थॉमस वॅकली : मृत्यूचे कारण विचारणारा डॉक्टर

लंडनच्या पश्चिमेला हाउन्स्लो येथे घोडदळाची छावणी होती. ११ जुलै १८४६ रोजी तिथल्या लष्करी रुग्णालयात फ्रेडरिक जॉन व्हाइट नावाचा २७ वर्षांचा शिपाई मरण पावला. लष्करी डॉक्टरांनी शवविच्छेदन केले. फुप्फुस आणि हृदय यांच्या आवरणांना सूज आली होती, मृत्यू आजाराने झाला, असा निष्कर्ष काढून त्यांनी कागद तयार केला. दफनासाठी तो हेस्टन गावच्या पाद्र्याकडे गेला. पाद्र्याच्या कानावर मात्र आणखी काही आले होते. चार आठवड्यांपूर्वी, १५ जूनला, याच शिपायाला दीडशे फटके मारण्यात आले होते. सार्जंटला लोखंडी सळईने मारल्याबद्दल लष्करी न्यायालयाने दिलेली ती शिक्षा होती. शिडीला बांधून, नऊ दोऱ्यांच्या चाबकाने, साऱ्या पलटणीसमोर. कागदावर या फटक्यांचा मृत्यूशी काही संबंध असल्याचे कुठेच नव्हते. पाद्र्याने दफन थांबवले आणि त्या भागाच्या कॉरोनरला चिठ्ठी पाठवली.

हा कॉरोनर म्हणजे थॉमस वॅकली. वैद्यकीय जगात आजही दबदबा असलेले ‘लॅन्सेट’ हे साप्ताहिक त्यानेच सुरू केले, म्हणून डॉक्टरांना त्याचे नाव ठाऊक असते. पण आयुष्याची शेवटची तेवीस वर्षे तो मृत्यूंची चौकशी करण्याचे काम करत होता, हे फारसे कुणाला माहीत नसते.

वॅकलीचा जन्म ११ जुलै १७९५ रोजी डेव्हन परगण्यातल्या मेम्बरी या गावी झाला. वडील शेतकरी, अकरा भावंडांत हा धाकटा. औषधविक्रेत्याकडे उमेदवारी, मग लंडनच्या सेंट थॉमस आणि गाय या जोडरुग्णालयांत शिक्षण आणि १८१७ मध्ये शस्त्रवैद्याची पदवी, असा तेव्हाचा नेहमीचा मार्ग त्याने पार केला. शरीराने दणकट, मुष्टियुद्धाची आवड. १८२० मध्ये लग्न झाले आणि सासऱ्याच्या मदतीने लंडनच्या उच्चभ्रू वस्तीत, आर्गाइल स्ट्रीटवर, घर आणि दवाखाना थाटला. गलेलठ्ठ फी घेणारा आणखी एक शस्त्रवैद्य होऊन तो विसरलाही गेला असता.

त्याच वर्षी मे महिन्यात सरकारविरुद्ध कट केल्याबद्दल पाच जणांना फाशी देण्यात आली आणि नंतर एका मुखवटाधारी माणसाने सफाईने त्यांची मुंडकी उडवली. हात इतका सराईत होता की हा कुणीतरी शस्त्रवैद्यच असणार, अशी कुजबुज सुरू झाली. कसे कोण जाणे, पण संशय वॅकलीवर आला. ऑगस्टमध्ये एका रात्री त्याच्यावर घरातच हल्ला झाला आणि घर पेटवून देण्यात आले. विमा कंपनीने आग त्यानेच लावली असे म्हणत पैसे नाकारले. खटला लढून त्याने १२०० पौंड वसूल केले, पण दवाखाना गेला तो गेलाच. बदनामीचा हा अनुभव आणि कोर्टाची चढलेली पायरी दोन्ही पुढे उपयोगी पडल्या.

५ ऑक्टोबर १८२३ रोजी ‘लॅन्सेट’चा पहिला अंक निघाला. लॅन्सेट म्हणजे गळू फोडायचे छोटे धारदार पाते, आणि अंकाचे कामही तेच. लंडनच्या मोठ्या रुग्णालयांत नेमणुका नात्यागोत्यातल्यांना मिळत. नामांकित शस्त्रवैद्यांची व्याख्याने ऐकायला विद्यार्थ्यांना भरमसाट पैसे मोजावे लागत. वॅकलीने ती व्याख्याने सहा पेन्सच्या अंकात छापायला सुरुवात केली. त्याहून झोंबणारी गोष्ट म्हणजे रुग्णालयांत शस्त्रक्रिया कशा होतात आणि रुग्ण कसे दगावतात, याचे वृत्तान्त तो छापू लागला.

त्यातला १८२८ चा एक वृत्तान्त गाजला. गाय रुग्णालयात ब्रॅन्स्बी कूपर या शस्त्रवैद्याने मूतखडा काढायची शस्त्रक्रिया केली. भूल देण्याचे शास्त्र अजून यायचे होते. रुग्णाला बांधून, तो शुद्धीवर असतानाच हे सारे करायचे, म्हणून कसबी शस्त्रवैद्य ती पाच-सहा मिनिटांत उरकत. कूपरला जवळजवळ एक तास लागला. पुढच्याच दिवशी रुग्ण मेला. कूपर हा त्या काळच्या सर्वांत प्रतिष्ठित शस्त्रवैद्याचा, सर ॲस्टली कूपरचा, पुतण्या. वॅकलीने लिहिले ते असे की, पुतण्या नसता तर या माणसाच्या हाती सुरी आलीच नसती. कूपरने २००० पौंडांचा बदनामीचा दावा लावला. तो जिंकला, पण ज्यूरीने भरपाई दिली फक्त १०० पौंड. वॅकलीच्या खटल्याचा खर्च लोकांनी वर्गणी काढून भरला.

वृत्तपत्री लेखणीने एखाद्या मृत्यूवर प्रकाश पडतो. पण साक्षीदाराला बोलवायचा, प्रेत उकरून काढायचा अधिकार संपादकाला नसतो. तो अधिकार होता कॉरोनरला.

इंग्लंडात कॉरोनर हे पद ११९४ पासून चालत आलेले. सुरुवातीला त्याला राजाच्या महसुलाशी अधिक देणेघेणे होते. अकस्मात मेलेल्याची मालमत्ता, दंड, असे काहीबाही खजिन्यात जमा करायचे. एकोणिसाव्या शतकापर्यंत त्याचे मुख्य काम उरले इन्क्वेस्टचे, म्हणजे संशयास्पद किंवा अचानक मृत्यूच्या चौकशीचे. स्थानिक लोकांची ज्यूरी बसवायची, तिने प्रेत डोळ्यांनी पाहायचे, साक्षी ऐकायच्या आणि मृत्यू कसा झाला ते ठरवायचे. न्यायालयाची इमारत वगैरे काही नसे. जवळच्या दारूच्या गुत्त्यात बाकडी मांडून हे चाले. कॉरोनर जमीनदार मतदारांच्या मतांनी निवडून येई आणि बहुधा तो वकील असे. शरीरशास्त्र त्याला येत नसे. तपासणारा डॉक्टर बोलवावाच असेही नव्हते आणि बोलावलेल्या डॉक्टरला पैसे मिळत नसत. परिणामी, देवाची करणी या निष्कर्षाखाली विषप्रयोगापासून उपासमारीपर्यंत काहीही खपून जाई.

कॉरोनर डॉक्टरच हवा, ही वॅकलीची मागणी होती. १८३० मध्ये तो स्वतः निवडणुकीला उभा राहिला आणि थोड्या मतांनी हरला. या वादाची धग इतकी होती की जॉर्ज इलियटच्या ‘मिडलमार्च’ या कादंबरीतही जेवणाच्या टेबलावर त्यावरून खटके उडतात. १८३५ मध्ये वॅकली पार्लमेंटमध्ये गेला. पुढच्याच वर्षी इन्क्वेस्टमध्ये साक्ष देणाऱ्या डॉक्टरला एक गिनी आणि शवविच्छेदन केल्यास दोन गिनी देण्याचा कायदा झाला. बाब लहान वाटते. पण फुकटात कुणी प्रेत उघडत नाही आणि न उघडता कारण कळत नाही. याच सुमारास, १ जुलै १८३७ पासून, इंग्लंड आणि वेल्समध्ये मृत्यूंची सरकारी नोंदणी सुरू झाली. नोंदणी खात्यात आकडेवारीचे काम पुढे ज्याने नावारूपाला आणले तो विल्यम फार आधी ‘लॅन्सेट’मध्ये लिहीत असे. एक जण मृत्यूंची बेरीज मांडत होता, दुसरा एकेका मृत्यूच्या मागे लागणार होता.

१८३९ मध्ये वॅकली पश्चिम मिडलसेक्सचा कॉरोनर झाला. आल्याबरोबर त्याने आपल्या हद्दीत फर्मान काढले : तुरुंग, पोलीस कोठडी, वेड्यांची इस्पितळे आणि निराधारांची वर्कहाउसे, इथला प्रत्येक मृत्यू कॉरोनरला कळवायचा. जिथे माणूस दुसऱ्याच्या ताब्यात असतो आणि मेल्यावर त्याच्या वतीने बोलायला कुणी नसते, त्या सगळ्या जागा त्याने अचूक हेरल्या होत्या.

हेंडनच्या वर्कहाउसमधले प्रकरण लगेच समोर आले. ऐंशीच्या घरातला एक म्हातारा कपडे उकळायच्या तांब्याच्या हंड्यात पडून भाजून मेला होता आणि कॉरोनरला न कळवता त्याला पुरूनही टाकले होते. वॅकलीने प्रेत उकरून काढायला लावले. ज्यूरी बसली. हे प्रेत त्याच माणसाचे कशावरून, असा आक्षेप वर्कहाउसच्या व्यवस्थापकाने घेतला. त्यावर वॅकलीने त्याला विचारले की, हा तो नसेल तर तुमच्या हंड्यात आजवर उकळून मेलेले आहेत तरी किती? निष्कर्ष अपघाती मृत्यूचाच निघाला. पण हंड्याभोवती कठडा नव्हता, हा हलगर्जीपणा होता, असे ज्यूरीने नोंदवले. कुणाला फाशी नाही, कैद नाही. पुढचा म्हातारा त्या हंड्यात पडू नये, एवढ्यासाठीची ती ओळ होती.

परगण्याच्या मॅजिस्ट्रेटांना हे मानवले नाही. कॉरोनरला प्रत्येक इन्क्वेस्टमागे फी मिळे आणि ते पैसे मॅजिस्ट्रेटांच्या मंजुरीने निघत. ही चौकशी विनाकारण होती, असे म्हणत ते पैसे अडवू शकत. वॅकली फीसाठी इन्क्वेस्ट वाढवतो, नैसर्गिक मृत्यूंतही नाक खुपसतो, अशा तक्रारी झाल्या. मृत्यू नैसर्गिक होता की नाही हे चौकशीआधीच ठाऊक असते, तर चौकशीची गरजच काय होती, हा साधा मुद्दा पैसे वाचवणाऱ्यांच्या ध्यानात येत नव्हता. १८४० मध्ये पार्लमेंटच्या समितीने सगळे तपासले आणि कौल वॅकलीच्या बाजूने गेला.

तो हडेलहप्पी करी, हे खरेच. साक्षीदारांवर डाफरे, विरोधकांबद्दल वाटेल ते लिही. पण ज्यांना कुणी वाली नाही त्यांच्याशी त्याचे वागणे वेगळे होते. १८४० च्या जानेवारीत एका मोलकरणीवर आपले नवजात बाळ मारल्याचा आरोप आला. इन्क्वेस्टच्या ज्यूरीत योगायोगाने चार्ल्स डिकन्स होता. बाळ जिवंत जन्मले होते की नाही, हा कळीचा प्रश्न वैद्यकीय होता. ज्यूरीतल्या काहींना त्या मुलीला खुनी ठरवायचे होते. डिकन्सने विरोध केला आणि वॅकलीने त्याला आधार दिला. बाळ मृतावस्थेत सापडले, एवढाच निष्कर्ष निघाला. डिकन्सने हा प्रसंग पुढे लिहून ठेवला.

आता पुन्हा हाउन्स्लोकडे. लष्करी डॉक्टरांनी छाती तपासली होती. पाठ मात्र नीट उघडली नव्हती. चाबूक पाठीवर पडला होता! वॅकलीने छावणीबाहेरचा डॉक्टर नेमून पुन्हा तपासणी करवली. तेवढ्याने समाधान झाले नाही तेव्हा पुरलेले प्रेत काढून इरॅस्मस विल्सन या त्वचारोगतज्ज्ञाला दाखवले. (क्लिओपात्राची सुई म्हणून ओळखला जाणारा दगडी स्तंभ इजिप्तहून लंडनला आणायचा खर्च पुढे ज्याने केला, तोच हा विल्सन.) मणक्यालगतच्या खोल स्नायूंचा लगदा झालेला त्याला आढळला. फटक्यांनी ही इजा झाली आणि तिथून छातीतला आजार उद्भवला, असे त्याचे मत पडले. आजच्या पॅथॉलॉजीच्या कसोटीवर हे स्पष्टीकरण जसेच्या तसे टिकणार नाही. जखमांतून रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग ही शक्यता आज आधी तपासली जाईल. पण तेव्हा जंतुसिद्धान्तच नव्हता. आणि दीडशे फटके खाल्लेला धडधाकट तरुण महिन्याभरात मरतो, तेव्हा फटक्यांचा विचारही न करता लिहिलेला दाखला कोणत्याही काळात वाईटच.

ऑगस्टच्या सुरुवातीला ज्यूरीने निष्कर्ष दिला : मृत्यू १५० फटक्यांच्या क्रूर शिक्षेने झाला. शिक्षा कायदेशीर होती, म्हणून गुन्हेगार कुणीच नाही. तिथे न थांबता ज्यूरीने त्या कायद्याबद्दलच घृणा व्यक्त केली आणि तो बदलण्यासाठी पार्लमेंटकडे अर्ज करावेत, असे देशवासीयांना आवाहन केले. देशभर गदारोळ उठला. त्याच महिन्यात लष्कराने फटक्यांची कमाल मर्यादा ५० वर आणली. शांततेच्या काळातले फटके १८६८ मध्ये बंद झाले आणि १८८१ मध्ये लष्करातून ही शिक्षाच गेली.

तीन वर्षांनी टूटिंगचे प्रकरण आले, आणि ते याहून भयंकर होते. लंडनची गरीब मुले सांभाळण्याचे कंत्राट ड्रूए नावाच्या माणसाने घेतले होते. दर मुलामागे आठवड्याला साडेचार शिलिंग. सुमारे चौदाशे मुले त्याने कोंबून ठेवली होती. खायला अपुरे, कपडे अपुरे, एकेका अंथरुणात तीन-तीन, चार-चार मुले. डिसेंबर १८४८ च्या अखेरीस तिथे कॉलरा शिरला आणि काही आठवड्यांत सुमारे १८० मुले दगावली. टूटिंग सरे परगण्यात येत होते. तिथल्या कॉरोनरला इन्क्वेस्टची गरज वाटली नाही. साथ होती, मुले मेली. पण त्यातली काही मुले हलवून लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात आणली गेली होती आणि तिथे मेली. रुग्णालय वॅकलीच्या हद्दीत होते.

त्याने इन्क्वेस्ट लावला. कॉलरा हे कारण सर्वांनाच ठाऊक होते. वॅकलीने विचारले ते त्याच्या मागचे : खोलीत मुले किती, हवा किती, ताटात काय पडत होते, डॉक्टर किती होते, तपासणीला येणारे अधिकारी काय पाहून गेले? ज्यूरीने ड्रूएला सदोष मनुष्यवधाचा दोषी धरले आणि ज्या गरीब-निधी मंडळाने ही मुले तिथे धाडली त्याच्यावरही ताशेरे ओढले. एप्रिल १८४९ मध्ये खटला उभा राहिला आणि ड्रूए सुटला. चांगले खायला-प्यायला मिळाले असते तर हे विशिष्ट मूल कॉलऱ्यातून वाचलेच असते, हे सिद्ध करता येईना. कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबरही असेल. एका मुलाचे मरण एका माणसाच्या माथी मारायचे, तर पुरावा लागतो. पण १८० मुलांचे मरण टाळता आले असते का, हा वेगळाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर इन्क्वेस्टमध्ये मिळून चुकले होते. ड्रूएची संस्था बंद पडली आणि मुले कंत्राटाने सांभाळायला देण्याच्या पद्धतीची पुरती नाचक्की झाली.

वॅकलीची दृष्टी सगळीकडे इतकीच स्वच्छ होती असे मात्र नाही. कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो हे दाखवणाऱ्या जॉन स्नोवर १८५५ मध्ये ‘लॅन्सेट’ने बोचरी टीका केली. १८५८ मध्ये स्नो वारला तेव्हा त्याच्यावरच्या चार ओळींत कॉलऱ्याचा उल्लेखही केला नाही. ही चूक ‘लॅन्सेट’ने दुरुस्त केली ती २०१३ मध्ये. त्याच दशकात याच साप्ताहिकाने आर्थर हासलकडून पीठ, दूध, मिरपूड यांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतले आणि भेसळ करणाऱ्या दुकानदारांची नावे-पत्ते छापले, हेही सांगायला हवे. त्यातून १८६० चा भेसळविरोधी कायदा आला.

पार्लमेंट त्याने १८५२ मध्ये सोडले, कॉरोनरचे काम शेवटपर्यंत सोडले नाही. क्षयाने पोखरलेल्या फुप्फुसांसाठी उबदार हवा हवी म्हणून तो मदेरा बेटावर गेला आणि १६ मे १८६२ रोजी तिथेच वारला. त्याच्या जागी मध्य मिडलसेक्समध्ये एडविन लँकेस्टर निवडून आला. तोही डॉक्टरच, आणि ब्रॉड स्ट्रीटच्या कॉलऱ्याचा शोध घेताना स्नोबरोबर काम केलेला.

त्यानंतरची दीडशे वर्षे इंग्लंडात डॉक्टर आणि वकील दोघेही कॉरोनर होत राहिले. २००९ च्या कायद्याने, जो २०१३ पासून लागू झाला, नव्या कॉरोनरला कायद्याची पात्रता सक्तीची केली. वॅकली आज अर्जसुद्धा करू शकला नसता. मात्र याच कायद्याने कॉरोनरवर एक कर्तव्य टाकले. चौकशीत पुढच्या मृत्यूंचा धोका दिसला, तर संबंधित रुग्णालय, कारखाना किंवा मंत्रालय यांना लेखी अहवाल द्यायचा आणि त्यांनी ५६ दिवसांत उत्तर द्यायचे. हेंडनच्या कठड्याची ओळ आता कायद्याच्या पुस्तकात आहे. त्या अहवालातल्या उपायांची सक्ती करण्याचा अधिकार मात्र कॉरोनरला नाही. सप्टेंबर २०२४ पासून, कॉरोनरकडे न जाणारा तिथला प्रत्येक मृत्यूही एका स्वतंत्र डॉक्टरने तपासणे बंधनकारक झाले आहे.

मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या शहरांसाठी ब्रिटिशांनी १८७१ मध्ये कॉरोनरचा कायदा केला होता. मुंबईतले हे पद १९९९ मध्ये रद्द झाले. आता महाराष्ट्रात सर्वत्र अपमृत्यूची चौकशी पोलिसांच्या पंचनाम्याने होते आणि कोठडीतल्या मृत्यूची मॅजिस्ट्रेटकडून. पंचनाम्यात मृत्यूचे सकृद्दर्शनी कारण, जखमा, वापरलेले हत्यार यांची नोंद लागते. तो टाळता आला असता का, यासाठी त्यात रकाना नाही. एका प्रकारच्या मृत्यूसाठी मात्र आपल्याकडे असा रकाना आहे. बाळंतपणात किंवा गरोदरपणात स्त्री दगावली, तर सरकारी आरोग्यव्यवस्थेत त्या मृत्यूचे परीक्षण होते. रक्तस्राव, झटके, जंतुसंसर्ग असे कारण लिहून झाले की आणखी तीन गोष्टी विचारल्या जातात. दवाखान्यात न्यायचे हे ठरवायला घरात किती वेळ गेला, वाहन मिळून तिथे पोहोचायला किती, आणि दारात आल्यावर उपचार सुरू व्हायला किती.